सर्व्हरचं नाव बदललं? आता लॉगकडे बघ

भाऊ, जळगावचा सर्व्हर भुसावळला नेऊन त्याचं नाव बदलणार आहेस, तर होस्टनेमसीटीएल (लिनक्सवर मशीनचं नाव बदलणारी कमांड) चालवून लगेच उठू नकोस. आरसिसलॉग, म्हणजे मशीनवरच्या घडामोडींच्या नोंदी (लॉग) लिहिणारा प्रोग्राम, सुरू होताना मशीनचं नाव वाचून ठेवतो. त्यामुळे नंतरच्या ओळींवरही जुनंच नाव येत राहू शकतं. धुळ्याच्या मुख्य लॉग सर्व्हरवर नावाप्रमाणे फोल्डर असतील, तर नव्या नोंदी जुन्याच फोल्डरात पडतात आणि रात्री बिघाड शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो.

म्हणून बदलाआधी लॉगमध्ये हाताने नोंद टाकणाऱ्या 'लॉगर' कमांडने एक ओळ टाक: अमुक नाव आता तमुक होतंय. मग नाव बदल, होस्ट्स फाइल (नाव आणि आयपी पत्ता जुळवणारी) दुरुस्त कर, आरसिसलॉगची सेवा रीस्टार्ट कर. पुन्हा एक ओळ टाकून वेळेच्या पुढचं नाव स्वतः वाच.

जर्नलडी हा नोंदी ठेवणारा दुसरा प्रोग्राम कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) नावावर लक्ष ठेवतो, त्याला वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय तो प्रत्येक नोंदीत मशीन-आयडी, म्हणजे त्या मशीनचा ओळख क्रमांक, लिहितो. नाव बदललं तरी हा आयडी तोच राहतो, जुन्या-नव्या नोंदी त्यावरूनच जुळव.

आणि जुन्या ओळींतलं नाव बदलायचा मोह अजिबात नको. त्या वेळी मशीनचं नाव तेच होतं. तो पुरावा आहे. नावावर लावलेले अलर्ट मात्र आजच तपास.