स्टेंटनंतर सीआरपी वाढला, म्हणजे पुन्हा ब्लॉकेज का?

प्रश्न: डॉक्टर, बाबांची (वय ६४) दिवाळीनंतर अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. आता चेकअपमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ६२ आला पण एचएस-सीआरपी (सीआरपीची जास्त बारीक मोजणी करणारी टेस्ट) ४.८, पुढे लाल अक्षरात हाय. शेजारचे काका म्हणाले स्टेंट बंद होतोय, तेव्हापासून बाबांची झोपच उडाली आहे. काय करू?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: ताई, बाबांना आधी हे सांगा की स्टेंट उघडा आहे का बंद हे या टेस्टमधून कळतच नाही. सीआरपी लिव्हरमध्ये बनतो, शरीरात कुठेही सूज असली की वाढतो, मग ती दाढ असो, लघवीचं इन्फेक्शन असो नाहीतर सुजलेला गुडघा. १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त असं धरतात, आणि १० च्या वर गेला तर आधी इन्फेक्शन शोधायचं. त्यामुळे सर्दी-ताप नसताना दोनेक आठवड्यांनी परत करा, आणि एचएस-सीआरपीच करा, साधा सीआरपी नको.

परत केल्यावरही २ च्या वरच राहिला तर मात्र सोडून देऊ नका, कोलेस्टेरॉल ताब्यात असलं तरी. २०१७ च्या कँटोस अभ्यासात अटॅक येऊन गेलेल्या, सीआरपी २ किंवा जास्त असलेल्या पेशंटना फक्त सूज कमी करणारं इंजेक्शन दिलं, एलडीएल होता तिथेच राहिला, तरी पुढचे अटॅक कमी झाले. पण जीवघेणी इन्फेक्शन्सही वाढली, म्हणून ते इंजेक्शन हार्टसाठी वापरात आलं नाही.

आता स्पष्ट विचारते, बाबा खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खातात का? ऑपरेशननंतर सिगारेट सुटते पण खर्र्याची पुडी खिशात तशीच राहते, हे मी आपल्या नागपुरात रोज बघते आणि फार वाईट वाटतं. तो बंद करा, हिरड्या दाखवा, पोटाचा घेर आणि शुगर बघा. दातांच्या डॉक्टरांना स्टेंटचं आधीच सांगा, रक्त पातळ करायच्या गोळ्या कार्डिओलॉजिस्टला न विचारता एक दिवसही थांबवू नका.

सूज कमी करायला कोल्चिसिन, म्हणजे गाऊटची (एक प्रकारच्या संधिवाताची) जुनी गोळी, कमी डोसमध्ये काही जणांना देतात. २०२० च्या अभ्यासात जुन्या हार्ट पेशंटना फायदा दिसला, अटॅकनंतर लगेच सुरू केलेल्या २०२४ च्या मोठ्या अभ्यासात दिसला नाही. किडनी कमजोर असेल किंवा काही ठराविक अँटिबायोटिक चालू असतील तर ती घातक ठरू शकते, मेडिकलमधून स्वतःहून आणू नका.

आणि छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला तर सीआरपी करत बसू नका, सरळ इमर्जन्सीत नेऊन ईसीजी काढा.