खताईतलं वनस्पती आणि घरची कणिक

प्रश्न : काकू, आमच्या गावातल्या बाया दिवाळीच्या आधी घरचं सामान घेऊन तालुक्याच्या बेकरीतून खताया (नानकटाई) भाजून आणतात. औंदा मामंजींचं कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून मी मैद्याऐवजी कणिक आणि वनस्पती तुपाऐवजी फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल वापरू का, असं विचारलं. बेकरीवाला म्हणाला, ‘‘कनकेच्या केल्या त दात पडतीन, तेलाच्या केल्या त पसरतीन.’’ काय करू?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : वहिनी, बेकरीवाला अर्धा खरं बोलतो. पण मैद्याचं नंतर बघू, आधी वनस्पतीचं बघा.

तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होतं. त्यानं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं कमी होतं. म्हणून तर २०२२ पासून तेल-वनस्पतीत ते २ टक्क्यांच्या वर नसावं असा नियम आहे. पण डब्यातून सुट्टं मोजून दिलेल्या वनस्पतीवर लेबल कुठे असतं? ते बंदच करा.

नुसतं तेल घातलं तर खताई पसरते, हे मात्र खरं. घट्ट स्निग्ध पदार्थ साखरेसोबत फेसला की त्यात हवा कोंडते. तेलात ती टिकत नाही. म्हणून घरचं थिजलेलं तूप चार भाग आणि फल्लीचं तेल एक भाग असं घ्या. तेलाचा भाग याहून वाढवायचा असेल तर पीठ मळून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. आणि हो, तूप म्हणजे औषध नव्हे. त्यातली निम्म्याहून जास्त चरबी संपृक्त, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारीच असते. मामंजींना दोन खताया पुरेत, बाकीच्या नातवंडांना.

आता पीठ. पाव, टोस्टला गव्हाचा चिकटपणा लागतो, खताईला तो नकोच असतो. म्हणून आपली ज्वारी इथे उलट कामाची, खुसखुशीतपणा तिच्यामुळेच येतो. किलोभर पिठात अर्धा किलो कणिक, पाव किलो ज्वारी, पाव किलो मैदा घ्या. पुढच्या वेळी मैदा आणखी कमी करा. चक्कीवाल्याला बारीक दळायला सांगा, कोंडा मात्र चाळून फेकू नका. कोंडा पाणी पितो, म्हणून दोन चमचे दूध जास्त घाला आणि अर्धा तास झाकून ठेवा. दात पडायची वेळ कोरड्या पिठानं येते, कणकेनं नाही.

मूठभर जवस भाजून, भरड कुटून मिसळलं तर मला आवडतं. घरातल्या लहानांना कदाचित नाही आवडणार. फक्त जवस त्याच दिवशी कुटा, कुटलेलं लवकर खवट होतं. कणकेतही गव्हाच्या अंकुराचं तेल असतं, त्यामुळे या खताया मैद्याच्या इतक्या टिकत नाहीत. दोन आठवड्यांत संपतील तेवढ्याच करा. साखर तुम्ही विचारली नाहीत, पण किलोमागे शंभर ग्रॅम कमी केली तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणि भट्टीपाशी स्वतः उभ्या राहा. कणकेची खताई मुळातच तपकिरी, त्यामुळे वरच्या रंगावरून भाजल्याचा अंदाज येत नाही. तळ सोनेरी झाला आणि मधला भाग दाबल्यावर जरासा मऊ लागला की काढायला सांगा, थंड झाल्यावर ती आपोआप कडक होते. बेकरीवाला ‘‘कच्ची हाय’’ म्हणून ट्रे पुन्हा आत सारायला बघेल. सारू देऊ नका.