‘हिला सायन्सची गोडीच नाही हो, मॅडम’

शाळा सुरू होऊन पहिली घटक चाचणी झाली की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांची एक तक्रार हमखास असते. मूल नववीत गेलेलं असतं, तपासलेला पेपर पर्समध्ये घडी घालून ठेवलेला असतो, आणि आई किंवा बाबा खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणतात, ‘‘हिला सायन्सची गोडीच नाही. काय करू सांगा.’’ रोख बहुतेक वेळा रसायनशास्त्रावर असतो. भौतिकशास्त्रात गणितं सोडवून मार्क मिळतात, जीवशास्त्रात आकृत्या काढता येतात, केमिस्ट्री म्हणजे मात्र निव्वळ घोकंपट्टी, असा समज घरोघरी पक्का बसलेला आहे. क्लास बदलू का, व्हिडिओ दाखवू का, की अकरावीला सायन्सचा नादच सोडून देऊ, असे प्रश्न त्यापाठोपाठ येतात.

या काळजीला उत्तर म्हणून एका मुलीची हकीकत सांगते. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी पुण्यातली, मराठी माध्यमात नववीला. आई पतसंस्थेत नोकरीला, वडील फिरतीवर, घरी आजी. आधीच्या वर्षांत विज्ञानात बरे मार्क, नववीत एकदम घसरण. पेपर पाहिला तर मूलकं, संयुजा (म्हणजे मूलद्रव्याची इतरांशी जोडलं जाण्याची क्षमता), रेणुसूत्रं या सगळ्या प्रश्नांची जागा कोरी होती. चुकीचं उत्तर आणि कोरी जागा यांत मी फार फरक करते. चुकणारं मूल अजून झटापट करत असतं. कोरी जागा सोडणाऱ्याने आतून दार लावून घेतलेलं असतं.

आईला बाहेर बसवून मुलीशी एकटीशी बोलले. अभ्यासाबद्दल काही न विचारता म्हटलं, लिटमसबद्दल काय आठवतं ते सांग. तिने एका दमात म्हणून दाखवलं: आम्लात निळा लिटमस तांबडा होतो, आम्लारीत तांबडा लिटमस निळा होतो.

‘‘पाहिलायस कधी लिटमस?’’

‘‘पुस्तकात चित्र आहे.’’

‘‘आणि घरात एखाद्या वस्तूचा असा रंग बदललेला पाहिलास?’’

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, सातवीत असताना डब्यातली आमटी युनिफॉर्मवर सांडली होती. पिवळा डाग पडला. आजीने साबण लावला तर डाग लालभडक झाला, आणि खळबळून उन्हात वाळत घातल्यावर जवळजवळ गेलाच. हे असं का होतं, ते तिने दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं. उत्तर मिळालं, ‘‘ते पुढच्या वर्षी आहे, आत्ता धड्याकडे लक्ष दे.’’ मागच्या बाकांवरून कोणीतरी ‘आमटी, आमटी’ म्हणालं आणि वर्ग हसला. आठवीत तो धडा आला. हळदीचा दर्शक आम्लारीत लाल होतो, हे वाक्य तिने अधोरेखित केलं, पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, त्याचा मार्कही मिळवला. पण हेच आपल्या डागाचं उत्तर आहे, हे तिच्या लक्षातच आलेलं नव्हतं. माझ्यासमोर बोलता बोलता ते तिच्या लक्षात आलं. ‘‘म्हणजे साबण आम्लारी आहे?’’ असं ती म्हणाली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला आहे. गोडी नसलेल्या मुलीचा तो चेहरा नव्हता.

इतकी वर्षं हे काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. ‘गोडी नाही’ असं ज्यांच्याबद्दल सांगितलं जातं, त्यांतल्या पुष्कळ मुलांनी कधीतरी स्वतःहून एक प्रश्न विचारलेला असतो आणि तो परतवला गेलेला असतो. मग पुढच्या इयत्तेत उत्तर येतं, पण प्रश्नाशिवाय. ज्याचा प्रश्नच आपला नाही अशा उत्तराला पाठ करण्यापलीकडे मूल करणार तरी काय? रसायनशास्त्रात हे जास्त होतं, कारण तिथे पदार्थ हाताला लागायच्या आधी चिन्हं येतात. सोडियमची संयुजा एक आणि कॅल्शिअमची दोन, हे मूल घोकतं तेव्हा त्याने या दोन्ही धातूंचं नावापलीकडे काहीच पाहिलेलं नसतं.

आईशी वेगळं बोलले. त्यांनी स्वतः अकरावीला सायन्स घेऊन वर्षभरात सोडलं होतं. ‘‘मला संयुजा शेवटपर्यंत कळली नाही. हिचं तसं होऊ नये म्हणून मी रोज घोकून घेते,’’ त्या म्हणाल्या. केमिस्ट्री अवघडच असते, हे वाक्य त्या घरात लेकीच्या कानावर किती वेळा पडलं असेल, याची त्यांना कल्पना नव्हती. मी त्यांना म्हटलं, महिनाभर घोकून घेणं बंद. विज्ञानाच्या मार्कांबद्दल जेवताना एक शब्द नको. त्याऐवजी ‘आज काय बदललेलं पाहिलंस?’ एवढंच विचारा, आणि ती काही करून पाहत असेल तेव्हा परीक्षक म्हणून उभ्या राहू नका, शेजारी बसून तुम्हीही करा.

त्यांना हे पोरकट वाटलं. प्रयोगशाळा नाही, सामान नाही, घरी काय होणार? तेव्हा मी टेबलावर मेणबत्ती लावली. ती फुंकर मारून विझवली आणि वातीवरून जी पांढरट धुराची रेघ वर चढते, तिला काडेपेटीची पेटती काडी लावली. ज्योत धुरातून खाली उतरली आणि वात पुन्हा पेटली, काडी वातीला न लावता. जळतं ते घन मेण नव्हे, त्याची वाफ जळते, हे त्या एका क्षणात दिसतं. मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी फक्त मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. मुलांसाठी दर नाताळात विज्ञान-व्याख्यानं भरवायची तिथली प्रथा १८२५ची, आणि ती आजही चालू आहे. फॅरेडे स्वतः पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून वर आलेला माणूस. सामान नाही म्हणून मुलांचं अडणार नाही, हे त्याला पुरेपूर ठाऊक असणार. आईंनी काडेपेटी मागून घेतली आणि तोच प्रयोग स्वतः दोनदा केला.

मुलीला मी काम दिलं ते तिच्याच डागाचं. हळद पाण्यात कालवून टीपकागदावर लावायची, वाळवून पट्ट्या कापायच्या आणि घरात जे जे सापडेल ते त्यावर टाकून पाहायचं. दोन ताकीद दिल्या, त्या इथेही देते. पानाचा चुना डोळ्यांत जाता कामा नये. आणि बाथरूम धुण्याचं ॲसिड व ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायची नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो घातक असतो.

पुढच्या वेळी ती वही घेऊन आली. साबण लाल, चुना लाल, लिंबू पिवळं, ताक पिवळं, नळाचं पाणीही पिवळं. खाली तिने लिहिलं होतं: ‘ताक आणि पाणी दोन्ही पिवळंच राहतं. मग आम्ल कसं ओळखायचं?’ हे मी मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं. हळद आम्लारी ओळखते, आम्ल आणि उदासीन पदार्थ यांत तिला फरक करता येत नाही. साधनाची मर्यादा स्वतःला सापडली की मूल दुसरं साधन शोधायला निघतं. तिने पुस्तक उघडलं, पाठांतरासाठी नाही, शोधायला. त्यात जास्वंद सापडली. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात ठेवून काढलेला रस लिंबाने गडद गुलाबी होतो, आम्लारीत हिरवा. आजीने देवासाठी आणलेल्या फुलांतली दोन बाजूला ठेवायला सुरुवात केली.

मग तिचं लक्ष आणखी एका गोष्टीकडे गेलं. चुन्याने लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळलं की ती परत पिवळी होते. किती लिंबू लागतं? चमचाभर चुन्याच्या निवळीत चिमूट हळद घालून ती ड्रॉपरने लिंबाचे थेंब मोजू लागली. दोन चमचे निवळी घेतली तर थेंब साधारण दुप्पट लागले. प्रयोगशाळेत ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब मोजून सोडणारी काचेची नळी, लावून आपण जे करतो, त्याचंच हे घरगुती रूप. मी स्वतः मानसशास्त्राकडे वळण्याआधी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं आहे, त्यामुळे ती वही वाचताना मला झालेला आनंद लपवता आला नाही. ‘किती’ला ‘किती’ लागतं, या प्रश्नाचंच नाव तिच्या पुस्तकात ‘द्रव्याचे मोजमाप’ असं होतं. तोच धडा तिने पेपरात कोरा सोडला होता.

मोल, म्हणजे रेणूंसारखे कण मोजायचं एकक, ही कल्पना मुलांना जड जाते, कारण ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात हा आकडा आकाशातून पडल्यासारखा समोर येतो. मी तिला १८ ग्रॅम पाणी एका वाटीत मोजून दाखवलं. मोठा चमचाभर झालं. एवढ्यात तितके रेणू आहेत. थेंबांचा हिशेब रेणूंपर्यंत न्यायचा तर मध्ये हा पूल लागतो, एवढंच सांगितलं आणि पुढचं तिच्यावर सोडलं.

इथे शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांबद्दल थोडं बोलते. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो, मुलं ज्वालामुखी आणतात. खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, फेस. प्रयोग वाईट नाही. पण बहुतेकदा थर्माकोलचा डोंगर बाबांनी कापलेला असतो, माहितीचा तक्ता आईने लिहिलेला असतो, आणि फेस कशाचा हे मुलाला विचारलं तर ते आईकडे बघतं. त्याच मुलाला सोडा निम्मा केला तर काय होईल हे करून पाहू दिलं, तर तोच ज्वालामुखी विज्ञान होतो.

या मुलीच्या घरी रसायनशास्त्राचा खरा सण गणपतीत झाला. त्यांची मूर्ती त्या वर्षी प्लास्टर ऑफ पॅरिसची होती. पुण्यात अशा मूर्तींचं घरच्या घरी बादलीत विसर्जन करण्याची एक रीत रूढ झाली आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे आपल्या पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलने, ती पद्धत विकसित केली आणि महापालिकेने त्यासाठी लागणारं अमोनियम बायकार्बोनेट नागरिकांना वाटलं. मूर्ती साध्या पाण्यात विरघळत नाही, या द्रावणात मात्र दोनेक दिवसांत तिचं रूपांतर होतं. आजीचं मन आधी तयार होईना, बाप्पाला असल्या पाण्यात कसं सोडायचं? उत्तरपूजा रीतसर होईल आणि राहिलेलं बागेत जाईल, हे ऐकल्यावर त्या हो म्हणाल्या.

पावडर मूर्तीच्या वजनाइतकी घ्या, अशी सूचना होती. लेकीने विचारलं, वजनाइतकीच का? आणि उत्तरासाठी माझ्याकडे न येता वही काढली. घट्ट झालेलं प्लास्टर म्हणजे पाण्याचे दोन रेणू धरून बसलेलं कॅल्शिअम सल्फेट, त्याचं रेणुवस्तुमान १७२. त्याच्या एका रेणूला अमोनियम बायकार्बोनेटचे दोन लागतात. एकाचं ७९, दोनांचे १५८. म्हणजे १७२ ग्रॅमला १५८ ग्रॅम, जवळपास वजनाइतकंच. समीकरण तिला शाळेतल्या सरांनी लिहून दिलं होतं, पण बेरीज तिची होती. संयुजेवरून कोऱ्या जागा सोडणारी मुलगी महापालिकेच्या सूचनेमागचा हिशेब तपासत होती. आईंनी मला त्या पानाचा फोटो पाठवला.

बादलीत बुडबुडे आले, ते कार्बन डायऑक्साइडचे. अमोनियाचा उग्र वास येतो म्हणून बादली बाल्कनीत ठेवली होती. तळाशी पांढरा गाळ बसला, तो कॅल्शिअम कार्बोनेटचा. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खत. गाळ खरंच बदललाय का, हे पाहायला तिने चमचाभर बाजूला घेऊन त्यावर लिंबू पिळलं. फेस आला. शाळेतल्या खडूवर पिळलं, आला नाही, कारण तो खडू कॅल्शिअम सल्फेटचा होता. हे घेऊन ती सरांकडे गेली.

सर काय म्हणाले, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘‘पण गाळात थोडं बायकार्बोनेट राहिलं असेल तरी फेस येईल की!’’ तिने घरी जाऊन गाळ पुन्हा पुन्हा पाण्याने धुतला, गाळून घेतला, परत लिंबू पिळलं. तरीही फेस आला. सातवीत ज्या मुलीचा प्रश्न परतवला गेला होता, तिच्या उत्तरावर आता कोणीतरी प्रश्न विचारला होता. यापेक्षा मोठी शाबासकी मला माहीत नाही. सरांनी तिला वर्गासमोर हे करून दाखवायला लावलं.

मार्कांचं विचाराल, तर सत्र परीक्षेत थोडेच वाढले. रेणुसूत्रं अजूनही चुकतात, पण जागा कोरी सोडत नाही. आईंना मी सांगितलं आहे की सूत्रांचा सराव आता हळूहळू सुरू करायला हरकत नाही. पाठांतर या विषयाला लागतंच, फक्त ते कशासाठी हे मुलाला कळल्यावर त्याचा जाच कमी होतो. अकरावीचा निर्णय आत्ता घ्यायचा नाही, यावर आम्ही ठाम आहोत.

गेल्या भेटीत आईंची काळजी बदललेली होती. ‘‘आता म्हणते केमिस्ट्रीच करणार. पुढे नोकरी मिळेल ना?’’ मी त्यांना औषधं, रंग, खतं, पाणीशुद्धीकरण, अन्नप्रक्रिया अशी क्षेत्रं सांगितली. मुंबईची १९३३ साली सुरू झालेली माटुंग्याची संस्था, आजची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, आणि पुण्यातच असलेली आयसर ही विज्ञानशिक्षणाची संस्था यांच्याबद्दलही सांगितलं. शेजारी लेक एनसीएलला विचारायच्या प्रश्नांची यादी करत होती. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांना आत जाऊन पाहता येतं, तेव्हा मायलेकी जाणार आहेत. यादीतला पहिला प्रश्न असा आहे: प्लास्टरचं खत आणि चुनखडी झाली, मग मूर्तीवरचा रंग गेला कुठे?