व्हे सोडून मटाराच्या प्रोटीनकडे वळण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वजन ५८ किलो, डिसेंबरातल्या हाफ मॅरेथॉनची तयारी, दोन महिन्यांपासून व्हे प्रोटीन (दुधापासून केलेली प्रोटीन पावडर) चालू. तेव्हापासून पोट फुगतं, गुबारा धरतो आणि रविवारच्या लांब पल्ल्याला तळजाईचा चढ लागला की पोटात कळ येते. जिमचा ट्रेनर म्हणतो मटाराचं प्रोटीन घ्या. मैत्रीण म्हणते दोनशे पदार्थांची फूड सेन्सिटिव्हिटी टेस्ट करा. मी या दोन्ही वाटांनी जाऊन आले आहे आणि दोन्हींत माझं जवळजवळ एक वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी लिहिलं आहे: अंगावर गांधी उठत नाहीत, ओठ-जीभ सुजत नाही, दम लागत नाही. यातलं काहीही होत असतं तर मी एवढंच म्हटलं असतं की पावडर आज बंद करा आणि अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जा. कारण ती दुधाच्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी असू शकते आणि त्यात महागातला आयसोलेट, म्हणजे जास्त गाळलेली व्हे पावडरही, चालत नाही. ज्या प्रोटीनवर शरीर चिडतं, तेच त्यात ९० टक्के असतं. गाईऐवजी म्हशीचं किंवा शेळीचं दूध घेऊनही सहसा सुटका होत नाही, ही प्रोटीन्स एकमेकांसारखीच असतात. तुमची लक्षणं मात्र फक्त पोटाची आहेत, त्यामुळे संशय आधी दुधातल्या साखरेवर घ्यायचा.

ती साखर म्हणजे लॅक्टोज. दुधातल्या प्रोटीनपैकी साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. घरी पनीर करताना दूध फाटल्यावर जे हिरवट पाणी उरतं, त्यात हे व्हे असतं आणि लॅक्टोजही त्याच पाण्यात उतरतं. ते गाळून, वाळवून पावडर होते. कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे कमी गाळलेल्या साध्या पावडरीत, साधारण ४ ते ८ टक्के लॅक्टोज शिल्लक राहतं, आयसोलेटमध्ये एखादा टक्का किंवा त्याहून कमी. लहान आतड्यात लॅक्टेज, म्हणजे लॅक्टोज पचवणारं एन्झाइम, कमी पडलं की न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि वायू होतो. पाणीही आतड्यात ओढलं जातं, म्हणून जुलाब.

आता तुमचा शेकर बघू. ३० ग्रॅमच्या स्कूपमधून कॉन्सन्ट्रेट असलं तरी दीड-दोन ग्रॅम लॅक्टोज येतं. पण तुम्ही तो स्कूप ३०० मिली दुधात ढवळता. त्या दुधातच १५ ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज आहे! ज्यांच्यात लॅक्टेज कमी असतं अशा बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत सोसतं. दिवसातून तीन कप चहा आणि जेवणात ताक घेऊनही तुम्हाला त्रास होत नाही, तो म्हणूनच. चहात दूध थोडं असतं आणि ताकातलं काही लॅक्टोज विरजणाने आधीच खाल्लेलं असतं.

म्हणून आठवडाभर तीच पावडर साध्या पाण्यात घ्या. बाकी काहीही बदलू नका, ओट्स नाहीत, केळं नाही, नवा ब्रँड नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कारण सापडतं. मग पुढच्या आठवड्यात शेकची वेळ बदला, तो पळून आल्यावर घ्या. लांब पल्ल्यात रक्त पायांकडे वळतं, आतड्याला कमी मिळतं. अशा वेळी तासाभरापूर्वी प्यायलेलं दूध निरोगी पोटालाही जड जातं. माझ्या ओळखीच्या कितीतरी धावपटूंची ‘फूड सेन्सिटिव्हिटी’ निव्वळ शेकची वेळ बदलून गेली. पाण्यातूनही त्रास राहिला तर आयसोलेटचा छोटा पाउच आणून बघा. मोठा डबा आत्ताच घेऊ नका.

आता वनस्पतीचं प्रोटीन. मी व्हे सोडून मटार-तांदळाच्या मिश्रणावर गेले आणि माझं पोट आधीपेक्षा जास्त बिघडलं. तीन महिने मी मटाराला दोष देत होते. मग डब्यामागचं बारीक अक्षर नीट वाचलं: चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन आणि गोडीसाठी झायलिटॉल. इन्युलिन हा आंबणारा तंतू आहे, तो सरळ मोठ्या आतड्यात जाऊन वायू करतो. झायलिटॉल, सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यांनी पोट ढिलं होतं. बिनचवीची, बिनगोडीची मटाराची पावडर आणली, तिचा काहीच त्रास झाला नाही. तुमच्या व्हेच्या डब्यावरही हे शब्द शोधा, चॉकलेट आणि कुल्फी फ्लेवरमध्ये तर नक्कीच.

‘प्लँट प्रोटीनने मसल बनत नाही’ हे जिममध्ये ऐकाल, ते धरून बसू नका. फ्रान्समध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६१ तरुणांनी १२ आठवडे व्यायामासोबत रोज दोनदा २५ ग्रॅम प्रोटीन घेतलं. मटारवाल्यांच्या दंडाची जाडी व्हेवाल्यांइतकीच वाढली. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं, त्यातलं मेथिओनिन मटारात कमी, लायसिन तांदळात कमी, दोन्ही एकत्र केले की एकमेकांची उणीव भरते. आपला वरणभात याच हिशोबावर उभा आहे. स्नायू वाढायला चालना देणारं ल्युसिन हे अमिनो आम्ल मात्र व्हेमध्ये जास्त असतं, म्हणून वनस्पतीचं घेताना स्कूप थोडा मोठा ठेवावा. दोन सावधगिऱ्या: शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी काहींना मटाराचीही रिअ‍ॅक्शन येते, आणि तांदूळ व कोको जमिनीतून शिसं-कॅडमियम घेऊ शकतात, तेव्हा जड धातूंची तपासणी जाहीर करणारी कंपनी निवडा.

त्या टेस्टबद्दल मी कळकळीने सांगते, पैसे घालू नका. दोनशे पदार्थांच्या त्या तपासणीत रक्तातलं आयजीजी नावाचं प्रतिपिंड (अँटीबॉडी) मोजतात. ते आपण नेहमी जे खातो त्याविरुद्ध तयार होतच असतं, त्यावरून त्रास सिद्ध होत नाही. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही चाचणी निदानासाठी वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. माझ्या रिपोर्टात गहू, दूध, अंडं, मूग, शेंगदाणा सगळं लाल आलं. मी सगळं सोडलं. चार महिन्यांत सहा किलो वजन गेलं, हिमोग्लोबिन उतरलं आणि पर्वतीच्या पायऱ्या चढताना मधे बसावं लागायला लागलं. शेवटी पोटाच्या डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, सीलिअॅकची (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी करायची आहे पण तुम्ही गहूच सोडलाय, आता ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मग सहा आठवडे रोज पोळी खाऊन तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. श्वासातल्या हायड्रोजनची चाचणी केली, त्यात लॅक्टोज पचत नसल्याचं स्पष्ट दिसलं. एवढंच होतं. म्हणून तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका, आणि वजन आपोआप उतरणं, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यातलं काही दिसलं तर हे पावडरींचे प्रयोग थांबवून थेट डॉक्टरांकडे जा.

पावडर किती लागते हाही हिशोब करून बघा. साध्या प्रौढ माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, नियमित व्यायाम करणाऱ्याला १.४ ते २. तुमच्यासाठी रोजचे ८० ते ९० धरा. दोन अंडी १२, शंभर ग्रॅम पनीर १८, पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ १२ च्या आसपास, पन्नास ग्रॅम सोया चंक्स २५, मूठभर शेंगदाणे ७. पोळ्या आणि वरण वेगळे. लॅक्टोजच्या दृष्टीने पनीर दुधापेक्षा सौम्य असतं, कारण बरंचसं लॅक्टोज पाण्याबरोबर निघून गेलेलं असतं. कडधान्यांनी वायू होत असेल तर रात्रभर भिजवा आणि ते पाणी टाकून द्या, वायू करणाऱ्या साखरा त्यात उतरतात. एवढं जमलं की बहुतेक दिवशी अर्धा स्कूप पुरेल.

शर्यतीला तीन आठवडे उरले की यातला कुठलाही प्रयोग थांबवा आणि जे पोटाला मानवलं तेच चालू ठेवा.

तुमच्या १४ वर्षांच्या भाचीबद्दल विचारलंत, जी बालेवाडीला पोहायला जाते. तिला पावडर देऊ नका. वाढत्या वयात तिला प्रोटीनइतकंच पोटभर जेवण लागतं, आणि शेकने तेच जेवण कमी होतं. शिवाय पुढे ती मोठ्या स्पर्धांत उतरली तर डोपिंग चाचणीत सापडलेल्या घटकाची जबाबदारी खेळाडूवरच येते, तो डब्यावर छापलेला नसला तरी. पोहून झाल्यावर पिशवीत दोन उकडलेली अंडी आणि फुटाणे-गूळ असू द्या. घरी पोचायला उशीर होत असेल तर सोबत पनीर घातलेली पोळीही.