छायाचित्रांचे प्रश्न : हळदीच्या ढिगाशेजारचा निळसर सदरा

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे. सौद्याला मांडलेल्या हळकुंडांची छायाचित्रे मी परगावच्या व्यापाऱ्यांना पाठवतो. जवळून काढलेल्या छायाचित्रांत हळद फिकी येते आणि शेजारच्या हमालाचा पांढरा सदरा निळसर दिसतो. कॉम्प्युटरवर ‘ऑटो कलर’ केल्यास हळद आणखीच पांढुरकी होते. काय करावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या कॅमेऱ्यात बिघाड नाही. उजेडाच्या रंगाप्रमाणे चित्रातील पांढरा पांढराच दिसावा म्हणून कॅमेरा आपोआप करतो ती जुळणी, म्हणजे ऑटो व्हाइट बॅलन्स, बहुधा असे धरून चालतो, की चौकटीतील सगळ्या रंगांची सरासरी करड्याच्या जवळपास येईल. चौकट हळदीनेच भरली, की हा पिवळेपणा उजेडाचा आहे असे समजून तो निळा वाढवतो. त्यामुळे हळदीचा रंग उतरतो आणि सदऱ्यावर निळी झाक येते. ‘ऑटो कलर’चा हिशेबही साधारण असाच असल्याने तीच चूक दुसऱ्यांदा होते. हळदीला भाव देताना रंग पाहिला जातो, तेव्हा अशा छायाचित्रांना ही आज्ञा लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उघड्यावर छायाचित्र काढताना व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता दिवसाच्या उजेडावर, म्हणजे सुमारे 5500 केल्व्हिनवर (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचे माप), पक्का करावा. शेडमध्ये मात्र ढिगाशेजारी करडे कार्ड धरून एक छायाचित्र घ्यावे, नंतर कॉम्प्युटरवर ड्रॉपरने (रंग टिपणाऱ्या साधनाने) त्या कार्डावर क्लिक करावे आणि तीच दुरुस्ती त्या उजेडातील बाकी छायाचित्रांना लावावी. पुष्कळ जण ड्रॉपर पांढऱ्या टोपीवर किंवा सदऱ्यावर टेकवतात; परंतु आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना नीळ दिलेली असते, त्यामुळे तो कपडा मुळातच किंचित निळा असतो आणि त्यावरून दुरुस्ती केली की सगळे चित्र पिवळे पडते. ट्यूबलाइटची हिरवी झाक उरली, तर टिंटचा स्लायडर मॅजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे, थोडा सरकवावा. दारातून ऊन आणि आत ट्यूब, असा मिश्र उजेड असल्यास एकच आकडा दोन्हीकडे लागू पडत नाही. तेथे मास्क करून, म्हणजे चित्राचा एकेक भाग निवडून, दोन्ही भाग वेगळे दुरुस्त करावे लागतात.

आता हळकुंडाकडे जवळून पाहा. त्याच्या अंगावरच्या आडव्या वळ्या छायाचित्रात दिसत नसतील, तर चित्र ज्या लाल, हिरव्या आणि निळ्या थरांचे (चॅनेलचे) बनते त्यांपैकी लाल चॅनेल बहुधा 255 ला, म्हणजे वरच्या टोकाला, जाऊन टेकलेला असतो. एकत्रित हिस्टोग्राम (चित्रात गडद-उजळ भाग किती आहेत ते दाखवणारा आलेख) अशा वेळी ठीकठाक दिसतो, म्हणून तिन्ही चॅनेल सुटे उघडून पाहावेत. जेपेग या नेहमीच्या फाइलमध्ये प्रत्येक चॅनेलला 256 च पायऱ्या असतात आणि टोकाला गेलेला तपशील मागाहून परत येत नाही. त्यामुळे छायाचित्र काढतानाच एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, अर्धा स्टॉप (-0.5) कमी ठेवावे आणि शक्य असल्यास रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्यावी. आधी झाक काढावी, मग काळ्या-पांढऱ्याची टोके बसवावीत आणि कॉन्ट्रास्टला शेवटी हात लावावा, कारण कॉन्ट्रास्ट वाढवला की रंगही गडद होतात आणि उरलेली झाक ठळक होते. हे काम करताना कॉम्प्युटरचा पडदा पिवळसर करणारा नाइट मोड बंद असावा.

प्रश्न : आईवडिलांच्या लग्नातील सुमारे 1980 चे रंगीत फोटो स्कॅन केले, तर सगळे तांबूस आले आहेत. ते सुधारतील का? – एक वाचक, सातारा

उत्तर : बऱ्याच अंशी सुधारतील. त्या काळच्या अनेक रंगीत प्रिंटमधील सायन (निळसर हिरवा) रंग अल्बममध्ये बंद असतानाही आधी उडतो आणि लाली उरते. शक्यतो 16 बिटमध्ये (रंगांच्या जास्त पायऱ्या ठेवून) पुन्हा स्कॅन करावे, मग चित्र दुरुस्तीच्या प्रोग्रॅममधील लेव्हल्स या आज्ञेत लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक चॅनेलची दोन्ही टोके जेथून माहिती सुरू होते तेथे आणून ठेवावीत. एवढ्याने चेहरे पुष्कळसे ठिकाणावर येतात. कपड्यांच्या रंगांचा मात्र अंदाज करू नये. आईंचा शालू अजून कपाटात असेल, तर तो घडीच्या आतल्या बाजूने उलगडून खिडकीच्या उजेडात ठेवावा आणि पडद्यावरचा रंग त्याच्याशी ताडून पाहावा.