सर्व्हेअरची वाट पाहत उघडी राहिलेली खिडकी

वादळाने खिडकी फुटली, ‘विमा कंपनीने नुकसान पाहायला नेमलेला सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत कशालाही हात लावू नका’ असे कोणीतरी सांगितले, म्हणून ती तशीच उघडी ठेवली आणि पुढे त्याच खिडकीतून चोरी झाली, अशा आशयाची पत्रे अवकाळी पावसानंतर दर वर्षी माझ्याकडे येतात. या वेळचे पत्र नोकरीनिमित्त पुण्यात राहणाऱ्या एका वाचकाचे आहे. नाशिकला इंदिरानगर भागात त्यांचे रो-हाऊस आहे. आई लेकीकडे गेल्यामुळे घर बंद असताना एका बुधवारी संध्याकाळी वादळात गुलमोहराची फांदी मागील बाजूवर कोसळली, ग्रिल उखडले, काचा फुटल्या आणि मागच्या दाराची चौकट निखळली. अंबडच्या फॅब्रिकेटरने दुसऱ्याच दिवशी प्लायवूड आणि पत्रा मारून देण्याचे ३,५०० रुपये सांगितले होते, ते त्यांनी नाकारले. सर्व्हेअर सोमवारी येऊन गेला. त्यापुढच्या रविवारी सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला, तेव्हा टीव्ही, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी, तांब्याचा बंब, पितळेची भांडी आणि देवघरातील चांदीची उपकरणी गेलेली होती. विमा कंपनीने खिडकी-दाराची भरपाई मंजूर केली आणि चोरीचा दावा फेटाळला. आता ग्राहक आयोगात जावे का, असे ते विचारतात.

आयोगात जायचे की नाही, हे आपल्या घरातील चोरी कोणत्या रात्री झाली यावर ठरेल. म्हणून त्याबद्दल आधी लिहितो.

आपली पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या घरासाठी हीच प्रमाणित पॉलिसी देतात आणि तिचे मूळ कलम सर्व कंपन्यांत सारखेच असते. वादळ आणि झाड कोसळून होणारे नुकसान या दोन्ही घटना तिच्यात येतात, म्हणून खिडकीचे पैसे मिळाले. चोरीबाबत मात्र ही पॉलिसी एवढेच म्हणते की, संरक्षित घटना घडल्यापासून ७ दिवसांच्या आत आणि त्या घटनेच्या थेट परिणामाने झालेली चोरी भरून दिली जाईल. कर्ज घेताना बँकेने दिलेली ही पुस्तिका आपण दाव्यापर्यंत उघडलीच नव्हती, असे आपण लिहिता. ती वादळाच्या रात्री जरी उघडली असती, तरी पुढच्या बुधवारपर्यंत घर बंद करून घेणे किती निकडीचे आहे हे आपल्या लक्षात आले असते. ते झाले नाही, याची मला खंत वाटते आणि काहीसा रागही येतो, कारण हेच मी याआधीही अनेकदा लिहिले आहे.

ही ७ दिवसांची अट अपवादाच्या यादीत नसून संरक्षण देणाऱ्या वाक्यातच आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीवर असते. आपले नुकसान संरक्षणात बसते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र विमाधारकावर असते. त्यामुळे ‘चोरी नेमकी कधी झाली हे कंपनीने दाखवावे’ हा आपल्या पत्रातील युक्तिवाद टिकणार नाही. मुदत मोजताना घटनेचा दिवस सोडून मोजणे ही रूढ पद्धत आहे, म्हणजे आपली मुदत पुढील बुधवारच्या मध्यरात्री संपली. सोमवारी सर्व्हेअरने काढलेल्या छायाचित्रात टीव्ही जागेवर दिसतो. म्हणून चोरी सोमवार दुपार ते रविवार सकाळ यांच्या दरम्यान झाली, आणि आपल्याला ती बुधवारच्या मध्यरात्रीपूर्वी झाली असे दाखवायचे आहे.

अडचण अशी की, आपण स्वतःच याच्या उलट लिहून दिले आहे. एफआयआरच्या छापील नमुन्यात गुन्हा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या काळात घडला, हे लिहिण्यासाठी स्वतंत्र रकाना असतो. त्यात आपल्या सांगण्यावरून ‘शनिवार रात्री १० ते रविवार सकाळी ७’ असे लिहिले गेले. शेजारच्या काकांना शनिवारी संध्याकाळी काही वावगे दिसले नव्हते, एवढ्याच आधारावर आपण ते सांगितले. परंतु काकांनी घर पुढच्या फाटकातून पाहिले होते आणि फुटलेली खिडकी मागे आहे. जे आपल्याला ठाऊक नव्हते ते ठाम तारखेने लिहून दिल्यामुळे कंपनीला दावा फेटाळण्यासाठी आणखी काही शोधावे लागले नाही. फेटाळणीच्या पत्रात तिने याच रकान्याचा हवाला दिला आहे.

आता आपल्या छायाचित्रांकडे वळतो. घराची काय दशा झाली हे दाखवण्यासाठी आपण रविवारी काढलेली बारा छायाचित्रे पाठवली आहेत. त्यातील सातव्या छायाचित्रात खिडकीपासून टीव्हीच्या कपाटापर्यंत फरशीवर बुटांचे काळ्या मातीचे ठसे आहेत. माती पूर्ण वाळलेली असून तिला भेगा गेल्या आहेत, कडांचे पापुद्रे सुटले आहेत आणि टाचेकडची नक्षी अजून ओळखू येते. कोरड्या अंगणातून आलेल्या माणसाच्या बुटांनी फार तर धूळ उमटते, असा भरीव ठसा उमटत नाही. सोमवारी सर्व्हेअरने काढलेल्या त्याच फरशीच्या छायाचित्रात काचांचा चुरा आहे, पण ठसे नाहीत. आपणच कळवता की मंगळवारी संध्याकाळी पुन्हा जोराचा पाऊस झाला आणि त्यानंतर रविवारपर्यंत कडक ऊन होते. सोमवारनंतर त्या खोलीत आपल्या माहितीतले कोणीही गेले नसेल, तर माती ओली असताना, म्हणजे मंगळवारी रात्री किंवा बुधवारी, कोणीतरी त्या खिडकीतून आत आले असा निष्कर्ष सहज निघतो. तो काळ ७ दिवसांच्या आत येतो.

हा पुरावा निर्णायक आहे असे मी म्हणणार नाही. काळी माती ओल धरून ठेवते आणि भिंतीच्या सावलीतला चिखल गुरुवारीही ओला असू शकतो, हे कंपनीचे वकील नक्की सांगतील. परंतु अशा प्रकरणात निःसंशय सिद्धता लागत नाही. शक्यतांचे पारडे आपल्या बाजूला झुकले तरी पुरते.

म्हणून पहिले काम पोलीस ठाण्याचे आहे. एफआयआर बदलता येत नाही, परंतु तपासी अंमलदारांकडे पुरवणी जबाब नोंदवता येतो. चोरीची वेळ मी अंदाजाने सांगितली होती, घर सोमवार दुपारपासून कोणीही आतून पाहिलेले नव्हते, आणि फरशीवरील ठसे पाहता चोरी शनिवार रात्रीच्या आधीच झाली असावी, एवढेच त्यात सांगावे. चोरी मंगळवारीच झाली असे छातीठोकपणे सांगू नये, कारण ते आपल्याला माहीत नाही आणि एकदा केलेली चूक उलट दिशेने पुन्हा करण्यात अर्थ नाही. घटनास्थळ पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. त्यात ठशांचा उल्लेख असेल तर आपले काम बरेच हलके होईल. त्या आठवड्यातील दैनंदिन पावसाची नोंद हवामान खात्याकडून किंवा आपल्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून मिळवावी. टीव्ही इंटरनेटला जोडलेला असेल तर तो शेवटचा केव्हा चालू होता याची नोंद त्याच्या खात्यात असू शकते, तीही पाहावी. छायाचित्रांच्या मूळ फाइल फोनमध्येच राहू द्याव्यात, कारण व्हॉट्सॲपने पाठवलेल्या प्रतीत काढल्याची वेळ बहुधा उरत नाही. पुढे ती दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडावे लागेल.

आपण असेही विचारता की पोलिसांनी घरफोडीचे कलम लावले आहे, मग जोडून घेतलेल्या घरफोडी विम्यातून पैसे का मिळू नयेत. फौजदारी कायद्यात खिडकीतून आत शिरणे हीसुद्धा घरफोडी ठरते, हे खरे आहे. परंतु २००४ साली हरचंद राय चंदन लाल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घरफोडीचा अर्थ पॉलिसीत लिहिला असेल तर तोच धरायचा, दंडसंहितेतला नाही. आणि पॉलिसीत बळाचा वापर करून प्रवेश असे म्हटले असेल तर बळाचा वापर दिसला पाहिजे. वादळाने आधीच मोकळ्या केलेल्या खिडकीतून आत येणाऱ्याला बळ वापरावे लागले नाही. तेथे ३,५०० रुपयांची फळी ठोकलेली असती आणि चोराने ती उचकटली असती, तर तिच्यावरच्या पहारीच्या खुणा हाच आपला पुरावा झाला असता, आणि मग चोरी सातव्या दिवशी झाली की अकराव्या, हा वादच कदाचित उद्भवला नसता.

सर्व्हेअर येईपर्यंत हात लावायचा नाही हा समज नेमका कोठून आला हे मला आजवर कळलेले नाही. पुढील हानी टाळण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी, अशीच पॉलिसीची अपेक्षा असते, आणि भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ चे स्पष्टीकरणही नुकसान मोजताना ते टाळण्याचे उपलब्ध उपाय लक्षात घ्यायला सांगते. कंपनीला पाहायचे असते ते मूळ नुकसान. ते सर्व बाजूंनी छायाचित्रांत आणि एका सलग चित्रफितीत घ्यावे, वाकलेले ग्रिल आणि काचा पोत्यात भरून घरातच ठेवाव्यात, ‘आज खिडकी बंद करून घेत आहोत, पाहणीच्या वेळी फळी काढून दाखवू’ असा ईमेल कंपनीला पाठवावा आणि त्याच दिवशी सुताराला बोलवावे. ताडपत्रीने पाऊस अडतो, माणूस अडत नाही. किमान १२ मिलिमीटरचे प्लायवूड, आडव्या पट्ट्या आणि भिंतीत घट्ट बसवलेले स्क्रू हवेत, आणि तारखेचे पक्के बिल हवे. हा खर्च परत मिळतो का, याचे सरसकट उत्तर देता येत नाही. ढिगारा उचलण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो असे पॉलिसीत स्पष्ट आहे, तात्पुरत्या फळ्यांसाठी मागणी करून पाहावी.

फेटाळणीच्या पत्रात कंपनीने ७ दिवसांचे एकच कारण दिले आहे, निष्काळजीपणाचे दिलेले नाही. सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, नाकारण्याच्या पत्रात नसलेले कारण कंपनीला नंतर पुढे आणता येत नाही. तेव्हा ‘पैसे वाचवण्यासाठी आम्ही थांबलो’ यांसारखी वाक्ये असलेली लांबलचक पत्रे कंपनीला पाठवणे आजपासून बंद करावे. असे एक पत्र आपण पाठवून बसला आहात. त्याचा परिणाम काय होईल हे आता सांगता येत नाही.

चांदीच्या उपकरण्यांची आशा धरू नये. चांदीची भांडी मौल्यवान वस्तूंत मोडतात आणि त्यांचे ऐच्छिक संरक्षण आपण घेतलेले नाही. टीव्ही, इन्व्हर्टर, बंब, भांडी या सर्वसाधारण वस्तू मात्र येतात. झाडाबाबत महापालिकेवर दावा करायचा असेल तर आधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि मुदत सहा महिन्यांची असते. झाड धोकादायक असल्याची पूर्वीची लेखी तक्रार आपल्याकडे नाही, त्यामुळे त्या वाटेने जावे असा माझा आग्रह नाही.

राहिला आयोगाचा प्रश्न. ग्राहक संरक्षण कायद्यानुसार साध्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागावा अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात नुसत्या तारखा पडण्यात वर्षे जातात आणि कंपनीचे वकील लेखी म्हणण्यासाठीच वेळ मागत राहतात. हे पाहून माझ्यासारख्या रोज तेथे जाणाऱ्या माणसालाही पक्षकाराकडे बघवत नाही. म्हणून पुरवणी जबाब आणि पावसाची नोंद जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे फेरविचाराचा अर्ज करावा, आणि महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालांकडे जावे. नाशिकसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, म्हणजे आपल्या सोयीचेच आहे. तेथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. नकारानंतर एक वर्षाच्या आत तेथे जावे लागते. तेच प्रकरण आधी आयोगात दाखल केल्यास लोकपालांचे दार बंद होते, हे विसरू नये. आयोगाची दोन वर्षांची मुदत मात्र डायरीत लिहून ठेवावी.

आपल्या पत्राच्या शेवटी दोन गोष्टी आहेत, त्या वाचून मी हे उत्तर तातडीने लिहीत आहे. एक, खिडकीवर आजही केवळ ताडपत्री आहे. दुसरी, गुरुवारी आई परत येणार म्हणून बुधवारी घर धुऊन घेण्यासाठी बाई सांगितली आहे. त्या बाईंना आजच फोन करून थांबवावे. त्या ठशांच्या शेजारी फूटपट्टी ठेवून, वरून आणि बाजूने, दोन शेजाऱ्यांच्या समक्ष पुन्हा छायाचित्रे घ्यावीत आणि तपासी अंमलदारांना ते पाहण्यासाठी लेखी विनंती करावी. सुताराला आजच बोलवावे, पण त्याला त्या खोलीत जाऊ देऊ नये. फळ्या बाहेरच्या बाजूने मारून घ्याव्यात.