‘ॲज इज’ लिहून घेतलंय, आणि आता ट्रेलरचा तळच कुजलाय

टेक्ससमधल्या एका वाचकांनी लिहिलंय की फेब्रुवारीत डीलरकडून जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं फिरतं घर, घेतला, १८,५०० डॉलर दिले, जाहिरातीत ‘कुठेही गळती नाही’ असं होतं. मे महिन्यात पाऊस झाला आणि बेडच्या कोपऱ्यात पाय टाकला की तळ दबायला लागला. व्हिनाइल उचललं तर खाली काळं, भुसभुशीत प्लायवुड आणि त्याला लागूनच एक नवाकोरा तुकडा, चकचकीत स्टेपल मारलेला. दुरुस्तीचा अंदाज ६,२०० डॉलर. डीलर म्हणतो तुम्ही ‘ॲज इज’वर, म्हणजे ‘आहे तसं घेतलं’ या अटीवर, सही केलीये, विषय संपला.

विषय संपलेला नाही. तुमचं पत्र वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण पोरांना घेऊन फिरायचं म्हणून घेतलेली वस्तू आहे ही, पण तो नवा तुकडा तुमच्या बाजूने बोलतोय, तो फेकू नका!

‘ॲज इज’चा अर्थ एवढाच की वस्तू चांगली चालेल अशी जी हमी कायदा आपोआप गृहीत धरतो ती विकणाऱ्याने काढून घेतली. पण दोष माहीत असताना तो झाकून किंवा खोटं सांगून सही घेतली असेल तर त्या सहीचा आडोसा मिळत नाही, टेक्सस सुप्रीम कोर्टाने हे १९९५ सालीच सांगितलंय. इथल्या ग्राहक कायद्यातही, ज्याला सगळे डीटीपीए म्हणतात, गिऱ्हाईकाने घ्यावं म्हणून माहीत असलेली गोष्ट दडवणं हा वेगळा बेकायदा प्रकार म्हणून लिहिलेला आहे. सगळा प्रश्न एकच, डीलरला माहीत होतं का? तुकडा आधीच्या मालकानेही बसवलेला असू शकतो, म्हणून डीलरच्या वर्कशॉपची कागदपत्रं लेखी मागा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट नसेल तर आज काढा.

ट्रेलर घेतानाच तुम्ही सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टही, म्हणजे वेगळे पैसे भरून दुरुस्तीचा करार, घेतलंय असं लिहिलंय. त्याचे कागद काढा आणि करार नेमका कोणाशी झालाय ते बघा. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे विकणारा स्वतः विक्रीच्या वेळी किंवा नंतर ९० दिवसांत असा करार करत असेल तर त्याला ती गृहीत हमी नाकारता येत नाही, म्हणजे ‘ॲज इज’चा मोठा भाग तिथेच गळून पडतो. डीलर फक्त दुसऱ्या कंपनीचा एजंट असेल तर मात्र हा मुद्दा लंगडा होतो. लेमन लॉ, म्हणजे वारंवार बिघडणाऱ्या सदोष गाड्यांसाठी कंपनीला जबाबदार धरणारा कायदा, टेक्ससमध्ये ओढत न्यायच्या ट्रेलरलाही लागू होतो खरा, पण मूळ कंपनीची वॉरंटी संपलेली असेल तर त्याच्या नादी लागू नका.

आता घरचं काम. नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारी आहे, म्हणून छतावर ताडपत्री टाका, आत डीह्युमिडिफायर लावा, पण तळ उखडण्याआधी छताचं सीलंट, कोपऱ्यातल्या दिव्याच्या कडा, स्लाइड-आउटचं (बाहेर सरकणाऱ्या भागाचं) रबर, सगळ्याचे जवळून फोटो घ्या आणि मॉइश्चर मीटर लाकडावर टेकवून आकडा दिसेल असा व्हिडिओ करा, २० टक्क्यांच्या वर असेल तर लाकूड कुजायच्या वाटेवर असतं. एखाद्या ट्रेलर दुरुस्त करणाऱ्याकडून लेखी घ्या की ही ओल अंदाजे किती जुनी वाटते. कुजलेला आणि नवा, दोन्ही तुकडे तारीख लिहून जपून ठेवा.

मग डीलरला सर्टिफाइड मेलने नोटीस, त्यात तक्रार नेमकी आणि रक्कम आकड्यात. डीटीपीएखाली केस करायच्या आधी ६० दिवस द्यावे लागतात. त्या काळात डीलर ट्रेलर बघायला मागेल, बघू द्या, पण तुमच्यासमोर. जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या स्थानिक कोर्टात, २०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवायही चालतो, आणि जाणूनबुजून लपवल्याचं सिद्ध झालं तर आर्थिक नुकसानीच्या तिपटीपर्यंत मिळू शकतं, तुमच्या बाबतीत १८,६०० पर्यंत. मात्र पुराव्याशिवाय रागाच्या भरात दावा टाकू नका, तो निराधार ठरला तर समोरच्याच्या वकिलाची फी तुमच्या अंगावर येऊ शकते. दावा टाकायची मुदत सहसा फसवणूक कळल्यापासून दोन वर्षं असते.

सही केलेल्या करारात आर्बिट्रेशनचं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खाजगी लवादाकडे नेण्याचं, कलम आहे का तेही शोधा, मागच्या पानावर बारीक अक्षरात असतं बऱ्याचदा. ते सापडलं तर नोटीस पाठवायच्या आधी मला त्या पानाचा फोटो पाठवा, वाचून सांगतो.